रविवारचा पंच

बेकरीत त्याला सगळे 'नवा' म्हणायचे. आला तेव्हा नवा होता म्हणून म्हणू लागले. त्याच्यानंतर आणखी दोघं कामाला लागले, त्यातला एक सोडूनही गेला, तरी नवा तो नवाच राहिला. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. नावगाव विचारत कुणी मागं लागलं नाही तर माणूस सुखात राहतो, असं त्याचं अलीकडं मत झालं होतं.

काम ट्रे धुण्याचं. भट्टीतून निघालेले पत्र्याचे ट्रे गरम पाण्याच्या हौदात टाकायचे, कडेला जळून चिकटलेली साखर पट्टीनं खरवडायची, पुसायचे आणि तिरके उभे करायचे. दुपार होईस्तोवर हात पाण्यात भिजून म्हाताऱ्यासारखे दिसायला लागायचे. शेजारीच भट्टीवाला. हा माणूस दाराएवढा. दारातून आत यायचा तेव्हा बाहेरचा उजेड जायचा. बोलणं मात्र थोडकं. 'जपून', 'गरम आहे', 'झालं का' एवढ्यावर दोघांचा संसार चालायचा, कारण नव्याला इथली भाषा कळायची बरीच, पण बोलता तेवढीच यायची.

राहायला तो टेकाडावरच्या जुन्या इमारतीत. तिथं त्याच्यासारखीच लढाईतून उठून आलेली माणसं ठेवली होती. एका खोलीत तो आणि त्याची बायको, पडद्यापलीकडं बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा चोवीस-पंचवीसचा, पायात वारं भरलेलं. तिकडं असता तर मोठ्या संघातून खेळला असता. निवड झालीच होती. पण ती गोष्ट घरात कुणी काढायचं नाही.

न काढण्याचं कारण असं. तिकडं नवा आठवडाभर वीजमीटर वाचत हिंडायचा आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. चांगला पंच होता. एका वर्षी शेवटच्या सामन्यात एक संघ होता बंदूकवाल्यांच्या म्होरक्याचा. म्होरक्या स्वतः खुर्ची टाकून बसलेला. खेळ संपत आला असताना त्याच्या माणसानं समोरच्याला आडवा पाडला, आणि नव्यानं पेनल्टी दिली. विचार करून नाही दिली. इतक्या वर्षांची सवय, शिट्टी आपोआप वाजली. त्या संध्याकाळी त्यांचं घर जळालं. पहाटे तिघं शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये चाऱ्याच्या पेंढ्यांखाली लपून निघाले, ते थांबत थांबत इथं येऊन पोहोचले.

वाटेतच कुठंतरी बायकोनं त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली होती. "पुन्हा शिट्टीला हात लावायचा नाही." त्यानं मान हलवली होती. मेहुणा काही बोलला नव्हता. तो नंतरही त्याविषयी बोलला नाही. पण कधी नळ गळला, कधी चहा सांडला, की त्याचं तोंड असं व्हायचं, जणू तेही भाऊजींच्याच शिट्टीनं झालं आहे.

इमारतीच्या खाली, ओढ्याच्या काठाला मैदान होतं. तिथं दर रविवारी खेळ भरायचा. ही कल्पना नर्सबाईंची. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वॉर्डातला होता. त्यांचं म्हणणं साधं: माणसं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून घाबरतात, आणि भाषा शिकून ओळख व्हायची म्हटलं तर निम्मं आयुष्य जायचं, चेंडू मध्ये टाका, लवकर होईल. सुरुवातीला झालंही तसंच. बाई सगळ्यांची सरमिसळ करून दोन संघ पाडायच्या. कसाई, न्हावी, इमारतीतला सुतार, बँकेतला कारकून, सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे आणि हसत उठायचे.

पण माणसाला सुख टोचतं. बाजारातल्या मंडळींना वाटायला लागलं, आपला एक नीट संघ असावा. इमारतीतल्या पोरांनाही तेच वाटत होतं. शेवटी बाईंनी नाइलाजानं होकार दिला आणि बाजार विरुद्ध इमारत असा सामना झाला. त्यात चेंडू रेषेबाहेर कुणाच्या पायाला लागून गेला यावरून बोलाचाली झाली. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना, आणि न कळलेलं बोलणं नेहमी शिवीसारखंच ऐकू येतं. एकाचं नाक फुटलं. नगरपालिकेतून निरोप आला की पुन्हा असं झालं तर मैदानाला कुलूप. पंचाचं काम करणाऱ्या पोस्टमननं तर कानाला खडाच लावला.

तरी बाई हटल्या नाहीत. "भांडलेत एकत्र, आता खेळून मिटवायचं," म्हणाल्या. दुसरा सामना ठरला.

त्या रविवारी नवा नेहमीसारखा गोलाच्या मागं, कुंपणाला टेकून उभा होता. खेळ बघायला तो चुकत नसे, पण हात कायम खिशात. दोन्ही संघ तयार, बाजाराच्या गोलात भट्टीवाला हातमोजे घालून उभा, कडेला बघ्यांची रांग. आणि पंचाचा पत्ता नाही. शेजारच्या गावाहून येणार होता, त्यानं आयत्या वेळी कळवलं, गाडी बंद पडली. गाडी बंद पडली की छाती, ते त्यालाच ठाऊक.

बाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बाजारवाल्यांनी कसायाचं नाव सुचवलं, इमारतवाले खवळले. इमारतवाल्यांनी सुताराचं सुचवलं, बाजारवाले हसले. घोडं तिथंच पेंड खायला लागलं. तेवढ्यात मेहुणा पुढं झाला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "माझे भाऊजी. तिकडं पंच होते. मोठे पंच."

सगळ्यांच्या माना वळल्या. नव्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही, नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला स्वच्छ येत होते.

मेहुणा त्याच्याजवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाला, "घ्या शिट्टी. आपलाच माणूस मध्ये असला तर बरं. आणि या वेळी जरा डोकं वापरा."

तो बोल नव्याला सुईसारखा लागला. पण नकार द्यायला त्यानं तोंड उघडलं तोवर भट्टीवाला गोल सोडून चालत आला होता. बाजारवाले कुरकुरत होते की हा तर त्यांच्यातलाच. भट्टीवाल्यानं त्यांच्याकडं बघून खांदे उडवले. "हा माझ्या शेजारी ट्रे धुतो," म्हणाला. "अजून मला एकही ट्रे परत पाठवावा लागला नाही. असू दे." आणि परत जाऊन गोलात उभा राहिला.

एखाद्या माणसाविषयी इतकं चांगलं बोलणं नव्यानं इथं आल्यापासून ऐकलं नव्हतं, आणि तेही स्वतःविषयी. बाईंनी शिट्टी पुढं केली. त्यानं ती घेतली. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला जायची, रविवारी तिला घरचं धुणं असायचं. ती मैदानावर नव्हती, हे एक नशीब.

त्यानं शिट्टी ओठाला लावली आणि वाजवली.

आणि सगळे थांबले. गप्पा मारणारे, वाद घालणारे, बूट बांधणारे, सगळे. त्यानं हातानं खूण केली, तसे आपापल्या जागी गेले. या गावात आल्यापासून त्याच्या सांगण्यावरून एक दार उघडलं नव्हतं की एक माणूस बाजूला सरकला नव्हता. आणि इथं बावीस माणसं त्याच्या एका फुंकरीवर उभी होती. शिट्टीला भाषा लागत नाही, हे तो विसरूनच गेला होता.

खेळ सुरू झाला. पायांना काम आठवलं. कुठं उभं राहायचं, कुणाच्या खांद्यावरून बघायचं, कुठल्या पडण्यात दुखणं आहे आणि कुठल्यात नाटक, सगळं परत आलं. इमारतीनं पहिला गोल केला, मेहुण्याच्याच पायातून. मध्यंतराच्या आधी बाजारानं फेडला. मग भट्टीवाल्याच्या मावसभावानं आणखी एक गोल मारला, आणि बाजारवाले नाचायला लागले, तोच नव्यानं हात वर केला. ऑफसाइड. मावसभाऊ बचावाच्या मागं जाऊन आधीच उभा होता.

मग काय विचारता. बघ्यांच्या रांगेत छत्री घेऊन एक बाई बसली होती, फुलांच्या दुकानातली. ती उठून उभीच राहिली आणि छत्री त्याच्याकडं रोखून एक शब्द ओरडली. पाठोपाठ बाकीचे ओरडले. तोच शब्द. नव्याला तो माहीत नव्हता, पण सूर ओळखीचा वाटला. त्यानं मनाशी शब्द घोकून ठेवला आणि खेळ पुढं चालू केला.

एक-एक. शेवटची काही मिनिटं राहिली होती. दोन्ही संघ दमले होते आणि, बाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं तसं, भांडायला कुणाच्यात जीव उरला नव्हता. बाजाराला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेतून आला, इमारतीच्या गोलापुढं माणसांचा गठ्ठा झाला, कुणीतरी डोक्यानं मारला आणि चेंडू गोलात जाता जाता वळला. बचावाला मागं आलेल्या मेहुण्याच्या कोपराजवळून वळला. नाही, कोपराजवळून नाही. हात उचलला होता, आणि तळहातानं ढकलला होता.

कुणी बघितलं नाही. बाजारवाल्यांनीही नाही, ते कपाळाला हात लावून मागं पळायला लागले होते. बघितलं होतं फक्त दोघांनी, ज्यानं केलं त्यानं आणि पंचानं. मेहुण्यानं त्याच्याकडं पाहिलं.

त्या नजरेत सगळं होतं. घर, ट्रक, चाऱ्याचा वास, हुकलेली निवड. शिट्टी तोंडातच होती. गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं, सामना बरोबरीत सुटला असता, सगळे हात मिळवून घरी गेले असते.

शिट्टी वाजली. त्यानं बोटानं पेनल्टीची जागा दाखवली.

क्षणभर कुणालाच समजेना. मग इमारतवाले त्याच्यावर धावून आले. आपल्याच भाषेतल्या शिव्या, त्यामुळं एकही वाया गेली नाही. सुतार तर रडकुंडीला आला. मेहुणा मात्र धावला नाही. जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकदा घर जाळून झालं, तरी भागलं नाही." आणि पाठ फिरवली.

कसायानं पेनल्टी मारली. गोल झाला. थोड्या वेळानं नव्यानं शेवटची शिट्टी दिली, ती बाईंच्या हातात ठेवली आणि कुणाशी न बोलता टेकाडाची वाट धरली. बाई मागून काहीतरी सांगत होत्या. तो थांबला नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. वाटभर तो कानोसा घेत चालला होता. मागून कुणी येतंय का, एखादी गाडी हळू होतेय का. बाजारवाल्यांचा एक गोल आपण नाकारला, आपल्या लोकांना आपण हरवलं. दोन्हीकडचे दुखावले. तिकडं निदान एक बाजू तरी आपल्याकडून होती. हा म्हणजे आगीतून फुफाट्यात जायचा प्रकार झाला.

खोलीत आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, इमारतीच्या भिंती कागदाच्या होत्या. ती ऐकत असताना एका ओल्या शर्टाला पिळत होती. पिळून झाला तरी पिळत राहिली.

"शपथ मोडलीत," एवढंच म्हणाली.

"हो."

"आणि त्याच्याविरुद्ध. स्वतःच्या मेहुण्याविरुद्ध."

"हात लागला होता गं."

तिनं शर्ट वाळत टाकला, पलंगाखालून पिशवी ओढली आणि त्यात सामान भरायला लागली. कागदपत्रांचं पाकीट, औषधं, लोकरीचे कपडे. नव्यानं तिला थांबवलं नाही. तो खिडकीशी उभा राहून खालचा रस्ता बघत राहिला. तिच्या हाताला या कामाची सवय झाली होती, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

ऊन उतरत असताना खाली माणसं दिसली. चार-पाच जण टेकाड चढून येत होते. पुढं भट्टीवाला. एवढ्या उंचीमुळं तो लपणं शक्यच नव्हतं.

नव्याची पाचावर धारण बसली. बायकोनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. जिन्यात पावलं वाजली आणि दारावर थाप पडली. थाप जड होती. त्यानं बायकोला पडद्यामागं जायची खूण केली, दार उघडलं, स्वतः बाहेर आला आणि दार पाठीमागं ओढून घेतलं. जे काय व्हायचं ते बाहेर होऊ दे.

भट्टीवाला, कसाई, तो मावसभाऊ आणि त्यांच्या मागं धापा टाकणाऱ्या नर्सबाई. भट्टीवाल्याच्या काखेत पाव होते. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता, की चढणीनं, ते कळत नव्हतं.

"ऑफसाइड कसा?" भट्टीवाला म्हणाला.

नव्याला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. "काय?"

"माझ्या भावाचा गोल. ऑफसाइड कसा? मी आख्खी दुपार विचार करतोय. तो सरळ रेषेत होता."

"पुढं होता," नवा म्हणाला.

"सरळ रेषेत होता."

"अरे, दारात काय भांडताय," बाई म्हणाल्या. "आत तरी बोलवा." आणि नव्याच्या बाजूनं हात घालून त्यांनीच दार ढकललं.

आत आल्यावर भट्टीवाल्यानं टेबल रिकामं केलं. मिठाची बाटली गोलकीपर, चमचे बचावाचे खेळाडू, काडेपेटी म्हणजे मावसभाऊ. त्यानं मांडणी केली. नव्यानं एक चमचा उचलून मागं ठेवला. भट्टीवाल्यानं तो परत पुढं ठेवला. कसायानं मधेच काडेपेटी हलवली, त्याला दोघांनीही झापलं. भाषेची अडचण म्हणून कुणी थांबलं नाही; जिथं शब्द सापडेना तिथं चमचा धरून नवा दाखवत होता, आणि बाई मधूनमधून सांगत होत्या, "तो म्हणतोय, पास निघाला त्या क्षणाला बघायचं, गोल झाला त्या क्षणाला नाही."

पडद्याच्या फटीतून बायको बघत होती. बराच वेळ तिला कळेना की हे चाललंय काय. मग ती बाहेर आली. सगळे उठून उभे राहिले, भट्टीवाल्याचं डोकं दिव्याला लागलं. तिनं चहा ठेवला. पाव कापले. कपांना जागा करायला तिनं दोन चमचे उचलले, तेव्हा तिच्यावर तिघं एकदम ओरडले, आणि ती इतकी दचकली की सगळ्यांना हसू फुटलं. तीही हसली. नव्यानं तिला हसताना किती दिवसांनी पाहिलं होतं, देव जाणे.

"हे लोक एवढ्यासाठी आले?" तिनं त्याला आपल्या भाषेत विचारलं.

"एवढ्यासाठी."

"आणि पेनल्टीचं काय म्हणतात?"

नव्यानं विचारलं. कसायानं हात झटकला. "ती दिलीस ते ठीकच. आम्ही तर बघितलंच नव्हतं. पण तो गोल होता."

जाताना भट्टीवाल्याला पटलं नव्हतं ते नव्हतंच. दारात वाकून बाहेर पडताना म्हणाला, "गोल होता तो. पुढच्या रविवारी वेळेवर ये, मैदानावर चुना टाकायचाय." आणि जिना दणदणवत निघून गेला.

दार लागलं. नव्याचा जीव भांड्यात पडला. तो पलंगावर बसला. बायको शेजारी येऊन बसली. मग तिनं पिशवी पुढं ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जागेवर ठेवायला लागली. लोकरीचा एक मोजा नाकाशी धरून ती जरा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. पावसानं पोटभर कोसळून घेतल्यावर शेवटी पागोळ्या गळतात, तसं.

दिवे लागले तेव्हा मेहुणा आला. बूट हातात. दारातच थांबला. अर्धी रिकामी पिशवी, टेबलावर चमच्यांची फौज आणि बहिणीचे लाल डोळे. हरलेला सामना त्याच्या डोक्यातून उतरताना दिसला.

"तू पिशवी भरली होतीस?" त्यानं विचारलं.

"भरली होती," ती म्हणाली. "आता काढतेय."

तो खाली बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडवत राहिला, बूट पायात नसतानाही. मग खाली मान घालूनच म्हणाला, "भाऊजी, हात लागला होता."

"माहीत आहे."

"खाली बाईंनी विचारलं. सगळ्यांसमोर. मी सांगितलं, लागला होता. सुतार म्हणाला, मग पंचाला कशाला शिव्या घालायला लावल्यास आम्हाला?" तो जरासा हसला आणि परत गंभीर झाला. "माझा राग तुमच्यावर नव्हता. म्हणजे होता. ज्यांनी घर जाळलं त्यांच्यावर चिडून काय करणार? ते कुठं समोर येतात. तुम्ही रोज समोर असता."

इतकी वर्षं नवा स्वतःलाही हेच सांगत आला होता की शिट्टीनं घर जाळलं. शिट्टीनं कधी घर जळत नाही. काडी लावणारा हात वेगळा असतो. ही साधी गोष्ट या पोरानं बुटाकडं बघत बोलून टाकली, आणि छातीवरचा धोंडा कुणी बाजूला केल्यासारखं झालं.

"पाव आहे," बहीण म्हणाली. "ऊठ, हात धू."

"तो तर आधी धुवायला हवा होता," नवा म्हणाला, आणि मेहुण्यानं बूट त्याच्या दिशेनं भिरकावल्यासारखं केलं.

सोमवारी बेकरीत हौदाशी उभं राहून नव्यानं भट्टीवाल्याला तो घोकलेला शब्द विचारला. भट्टीवाल्यानं आधी भुवया चढवल्या, मग त्याला इतकं हसू आलं की पावांचा ट्रे खाली ठेवावा लागला.

"आंधळा," त्यानं डोळे मिटून, हात पुढं करून चाचपडत दाखवलं. "आंधळा म्हणाले तुला."

"शिवी?"

"छे. म्हणजे, आहे. पण पंचाला इथं सगळेच म्हणतात. पोस्टमनला पण म्हणायचे. माझ्या बापाला म्हणायचे, तो पण पंच होता." डोळे पुसत त्यानं विचार केला आणि मग म्हणाला, "परक्याला आम्ही असलं काही म्हणत नाही. त्याच्याशी बोलतच नाही."

नवा परत ट्रे खरवडायला लागला. पाणी नेहमीसारखंच कढत होतं.

त्यानंतर रविवार त्याचा झाला. चुना टाकणं, जाळी बांधणं, खेळ लावणं. आता बाजार आणि इमारत असे संघ राहिले नाहीत. मेहुणा आणि मावसभाऊ एका बाजूनं खेळू लागले आणि दोघं मिळून ऑफसाइड राहू लागले. शेजारच्या गावांतूनही नव्याला बोलावणं यायला लागलं. बायकोनं शपथ सोडवून घेतली नाही, त्याविषयी बोलणंच काढलं नाही. एका रविवारी धुणं आदल्या दिवशी उरकून ती मैदानावर आली आणि फुलवालीच्या शेजारी बसली.

मग पानगळीच्या दिवसांत एका सामन्यात नव्याच्या हातून खरीच चूक झाली. खरी म्हणजे साफ. सूर्य डोळ्यावर आला, चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर ते दिसलं नाही, आणि त्यानं गोल दिला. तो गोल नव्हता. तो गोल भट्टीवाल्यावर पडला. सामना संपल्यावर नव्यानं त्याच्याकडं जाऊन सांगितलं, "चुकलं माझं. गोल नव्हता." भट्टीवाल्यानं हातमोजे काढले, त्याच्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी बेकरीत बोलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ट्रे आपटून ठेवायचा तेवढंच. तिसऱ्या दिवशी त्यानं भट्टीतून निघालेला एक पाव, कडेनं जरा करपलेला, नव्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "बाहेर होता ना?"

"बराच बाहेर."

"हं," भट्टीवाला म्हणाला. त्याचं समाधान झाल्यासारखं दिसलं.

चूक झाली त्या रविवारी घरी जाताना बायकोनं विचारलं होतं, फार मनाला लावून घेतलंत का. नव्यानं खरंच आत डोकावून बघितलं. वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती, कसायानं मारलेले टोमणे कानात होते. पण भीती कुठंच सापडली नाही. चूक करून, लोकांना नाराज करून, तो टेकाड चढत होता आणि वर खोलीत फक्त जेवण आणि अंथरूण वाट बघत होतं.

"भूक लागलीय," तो म्हणाला. तिनं त्याच्या हातातली जाळी आपल्याकडं घेतली आणि दोघं सावकाश वर चढत राहिले. मागून मेहुणा येत होता, कुणाशीतरी मोठमोठ्यानं वाद घालत, इथल्याच भाषेत.